आधी गवत शोधा: ई-क्लासवरच्या गाजरगवत, रानतुळस आणि घाणेरीबद्दल

प्रश्न आर्वी तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. गावाची साठ एकर ई-क्लास, म्हणजे गावच्या ढोरांच्या चराईची सरकारी जमीन, बहुतेक बरड. निम्म्याहून जास्त भागावर गाजरगवत आणि रानतुळस, नाल्याकडच्या उतारावर घाणेरी, आखराजवळ, म्हणजे गावची ढोरं जमतात तिथं, वेडी बाभूळ. ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आहे. काहींचं म्हणणं जेसीबी लावून एकदाचं साफ करू, काहींचं तणनाशक मारू. शिवाय उन्हाळ्यात एका घरची संकरित कालवड आजारी पडली, पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांची कातडी सुटून आली. ते घाणेरीमुळे झालं असेल का, हेही विचारलं आहे.

कालवडीचं आधी सांगतो, कारण तिथं दिवस मोजून काम करावं लागतं. हो, वर्णनावरून घाणेरीचाच संशय येतो. घाणेरीच्या पाल्यातलं विष यकृतावर बसतं. यकृत बिघडलं की हिरव्या चाऱ्यातून तयार होणारं एक द्रव्य शरीराबाहेर पडत नाही, रक्तातून कातडीत येतं, आणि ऊन लागलं की कातडी भाजते. काळ्या-पांढऱ्या संकरित जनावरात फक्त पांढरे पट्टे सोलतात, काळा भाग शाबूत राहतो, म्हणून ते लगेच दिसतं. गावरान गाईची कातडी केसांखाली बहुधा गडद असते, तिच्यात हे इतकं उघड दिसत नाही आणि तिथंच आपण फसतो. तिच्या डोळ्यांच्या कडा आणि हिरड्या पिवळ्या झाल्यात का, रवंथ थांबलंय का, शेण घट्ट होऊन अडकलंय का, लघवी गडद आहे का, हे बघायचं. असं जनावर दिसताच सावलीत, शक्यतो अंधाऱ्या गोठ्यात बांधा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. रवंथ थांबलेलं असतं म्हणून खाल्लेला पाला पोटातच पडून राहतो आणि विष शोषलं जात राहतं. दोन दिवस वाट पाहून जनावर सुधारत नाही. डॉक्टर पोटातलं विष धरून ठेवणारा औषधी कोळसा आणि सलाईन देतात, ते जितकं लवकर तितकं बरं.

आता हे लक्षात घ्या की पोटभर चारा असलेलं, त्याच शिवारात वाढलेलं जनावर घाणेरीला सहसा तोंड लावत नाही. लावतं ते मे महिन्यात दुसरं काही हिरवं नसतं तेव्हा, किंवा बाजारातून नवीन आणलेलं असतं तेव्हा. म्हणजे कालवडीच्या आजाराचं आणि तुमच्या साठ एकराचं दुखणं एकच आहे: गवत संपलंय.

मी गेली पंचवीस वर्षं वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या चराईच्या जमिनींवर काम करतोय. एवढ्या काळात गवतानं भरलेल्या जागेत गाजरगवत माजलेलं मी पाहिलेलं नाही. ते येतं उघड्या मातीवर. ढोरांनी गवत मुळापर्यंत खाल्लं, खुरांनी माती उघडी पडली, पहिल्या पावसात ती धुपली, आणि तिथं गाजरगवताचं बी पडलं. एका झाडाला १० ते २५ हजार बिया येतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येतं आणि ओल असेपर्यंत वर्षातून अनेक पिढ्या काढतं. मातीत दबलेलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं. हे आपल्याकडचं नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आलं आणि अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. पण सत्तर वर्षांत ते इथलंच झालंय. त्याला विदर्भातून हाकलून देता येणार नाही. तुमच्या साठ एकरात त्याला जागा राहू न देणं मात्र जमतं.

म्हणून जेसीबीला माझा साफ विरोध आहे, आणि हा विरोध मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात आम्ही मे महिन्यात आठ एकर घाणेरी आणि झुडपं यंत्रानं खरवडून काढली. जमीन अंगणासारखी साफ दिसत होती, गावकरी खूष, मीही खूष. जुलैत झड लागली आणि वरची सुपीक माती नाल्यात गेली. ऑगस्टमध्ये त्या आठ एकरांवर गाजरगवताची चादर पसरली होती. दुसऱ्या वर्षी त्याच जागी कमरेइतकी रानतुळस उभी होती, आणि ती आधी त्या गावात नव्हतीच. यंत्राच्या चाकांना चिकटलेल्या चिखलातून ती दुसऱ्या शिवारातून आली, असं मला आजही वाटतं. घाणेरीचं म्हणाल तर तुटलेल्या बुडख्यांतून ती जोमानं फुटली. जी चार-दोन पवन्या गवताची बेटं झुडपांच्या आडोशानं टिकली होती, ती मात्र आम्ही उखडून टाकली होती. ती जमीन परत गवतावर यायला सात वर्षं लागली. त्यातली पहिली तीन माझी चूक भरून काढण्यात गेली.

शिवाय तुमचा भाग नागपूर विभागात येतो, तेव्हा सातबारावर ती जमीन ई-क्लास आहे की झुडपी जंगल (झुडपांची म्हणून नोंदलेली सरकारी जमीन), हे तलाठ्याकडे आधी तपासा. झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच समजायच्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ रोजी दिला आहे. अशा जमिनीवर वनविभागाला न विचारता यंत्र नेलं तर सरपंच अडचणीत येतील.

तणनाशकाचं थोडक्यात सांगतो. ग्लायफोसेट गवतासकट सगळंच मारतं, आणि आपल्याला गवतच तर हवंय. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या वापरावर निर्बंधही घातले आहेत. टू-फोर-डी गवताला सोडून रुंद पानांची तणं मारतं, म्हणून ते अनेकांना सोयीचं वाटतं. पण त्याचा फवारा वाऱ्यानं उडून शेजारच्या कपाशीवर गेला तर पानं चिंचेच्या पानासारखी बारीक होतात आणि पीक जातं. कपाशी या औषधाला फार हळवी आहे, आणि तुमच्या ई-क्लासच्या तिन्ही बाजूंना कपाशीच असणार. दुसरं म्हणजे, फवारल्यावर कोमेजलेली विषारी तणं काही वेळा जनावरांना खावीशी वाटू लागतात. एरवी ज्याला तोंड लावत नाहीत, ते खातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. ती औषधं वेगळी होती, पण उघड्या अंगानं, वाऱ्याची दिशा न पाहता, मजुरीसाठी फवारणारी माणसं तीच आहेत. मिठाच्या द्रावणाचा उपायही सांगितला जातो. रस्त्याच्या कडेला किंवा पडक्या जागेत तो ठीक असेल, गवत वाढवायच्या मातीत मीठ ओतू नका.

मग सुरुवात कुठून करायची? इथं माझं म्हणणं बहुतेकांना उलटं वाटतं. सगळ्यात जास्त तण जिथं आहे, तिथून सुरुवात करू नका. जिथं गवत अजून शिल्लक आहे, तिथून करा.

येत्या पंधरा दिवसांत गावातल्या जुन्या गायक्याला, म्हणजे गुराख्याला, बरोबर घेऊन सगळी जमीन पायी फिरा. गुराख्याला कोणतं गवत कुठं येतं हे माझ्यासारख्याहून जास्त माहीत असतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी ही चराईची चांगली गवतं कुठं कुठं उरलीत ते बघा. ती बहुधा बोरीच्या किंवा काटेरी झुडपाच्या आत, बांधाच्या कडेला, दगडांच्या राशीत सापडतील, म्हणजे जिथं ढोराचं तोंड पोचत नाही तिथं. मारवेलाच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, त्यावरून ओळखता येतं. जिथं फक्त कुसळ गवत आहे, ती जागाही चांगल्यात धरा. कुसळ फुलोऱ्यापूर्वी जनावर खातं आणि माती धरून ठेवतं. लोक कुसळीला शिव्या देतात, पण कुसळ असलेली जागा गाजरगवत असलेल्या जागेपेक्षा दहा पटीनं बरी.

अशा सगळ्या जागांना चुन्यानं खुणा करा. त्यातली सगळ्यात चांगली दहा-बारा एकर सलग निवडा. या वर्षी फक्त तेवढीच. त्या भागात तण थोडं असतं, म्हणून हातानं उपटूनही संपतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत शेजारचं गवत आपोआप सरकतं. पुढच्या वर्षी तिथून कडेकडेनं वाईट भागाकडे जायचं. वाईट भागातून सुरू केलं की पैसा आणि माणसं पहिल्याच वर्षी संपतात, आणि चांगला भाग तोवर वाईट झालेला असतो.

उपटायचं कधी, यावर अर्धं यश आहे. गाजरगवत पहिला चांगला पाऊस होऊन तीन-चार आठवडे झाले की, माती ओली असताना, पांढरी फुलं दिसायच्या आत मुळासकट उपटायचं. नंतर पोळ्याच्या आसपास पुन्हा एक फेरी. फुलं नसलेली झाडं खड्ड्यात पुरून चांगलं खत होतं. फुलावर आलेली झाडं खतात टाकू नका, त्यांचं बी खतातून सगळ्या शिवारात जाईल. ती वाळवून जागेवरच जाळा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडकं सक्तीचं. गाजरगवतानं कातडीला खाज, चट्टे येतात, काहींना दम लागतो. एकदा ज्याला त्रास झाला त्याला पुढच्या वेळी जास्त होतो, अशा माणसाला या कामावर पाठवूच नका. मजुरी हवी म्हणून बाया त्रास सांगत नाहीत; आपण होऊन विचारायला हवं.

रानतुळशीचा हिशोब थोडा वेगळा आहे. ती वर्षायू आहे, म्हणजे दरवर्षी बियापासूनच येते, आणि हीच आपली संधी. दसऱ्याच्या आसपास ती निळसर फुलावर येते, दिवाळीनंतर बी पिकतं. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या काळात ती उपटली तर त्या वर्षीचं बी पडतच नाही. झड उघडल्यावर दोन-तीन दिवसांत ती मुळासकट अगदी सहज येते. विळ्यानं वरून छाटू नका, खालून चार फांद्या फुटतात. तिचा वास उग्र असल्यानं ढोरं खात नाहीत. उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काड्या उभ्याच राहतात आणि वणवा लागला की भडकतात. त्या वणव्यात गवताचे ठोंब भाजतात आणि पुढच्या पावसात उघड्या राखेवर पुन्हा रानतुळसच. म्हणून ‘होळीच्या सुमारास पेटवून दिलं की नवं गवत फुटतं’ ही सवय तुमच्या जमिनीवर तरी पाच वर्षं पूर्ण बंद ठेवा.

गाजरगवतासाठी आणखी एक मदतनीस आहे. पांढुरक्या अंगावर तपकिरी रेघा असलेला एक छोटा भुंगा, मेक्सिकन भुंगा म्हणतात त्याला. १९८४ मध्ये बेंगळुरूला तो पहिल्यांदा सोडला आणि आता आपल्याकडेही रस्त्याच्या कडेला सापडतो. तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पानं खाऊन नुसत्या काड्या ठेवतात. कपाशी, तूर, सोयाबीन खात नाही. सूर्यफुलावर तो दिसल्याची तक्रार झाली होती, चौकशीनंतर त्याला निर्धोक ठरवलं गेलं. ऑगस्टमध्ये सकाळच्या वेळी जिथं तो भरपूर दिसेल तिथून बरणीत गोळा करा, झाकणाला भोकं पाडा, आत गाजरगवताचा पाला ठेवा आणि आपल्या जमिनीवर एका ठिकाणी ५०० ते १००० सोडा. पाचपन्नास इकडेतिकडे विखरून सोडले तर टिकत नाहीत. हिवाळा-उन्हाळा तो मातीत झोपून काढतो आणि पावसाबरोबर वर येतो, म्हणून ती जागा नांगरू नका. तो सगळं गाजरगवत संपवेल अशी आशा धरू नका. कमी पावसाच्या वर्षी तो उशिरा वाढतो, तोवर गाजरगवत बी टाकून मोकळं झालेलं असतं. माझा अनुभव असा की आखर, रस्ता, गावाची हागणदारीची जुनी जागा, म्हणजे जिथं आपण माणसं लावू शकत नाही, तिथं तो उत्तम काम करतो.

गाजरगवताशी स्पर्धा करायला तरोटा (टाकळा) पेरा, असाही सल्ला मिळेल. सल्ला खरा आहे, तरोटा त्याला दाबतो. पण ढोरं तरोटाही खात नाहीत. रस्त्याच्या कडेला जरूर टाका, चराईवर नको. एक न खाण्याजोगं काढून दुसरं न खाण्याजोगं लावण्यात गाईचा काय फायदा?

घाणेरीला आमच्याकडे पूर्वेकडची माणसं रायमुनिया म्हणतात. बागेतली शोभा म्हणून इंग्रजांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याला आणली. ती नुसती तोडली की फुटते, जाळली की फुटते. काढायची रीत अशी: झुडूप जिथं मातीला भेटतं तिथं कुदळीनं माती बाजूला करा, जमिनीच्या दोन बोटं खाली मुख्य मूळ तोडा, बुडखा सबलीनं (पहारीनं) उचला आणि पूर्ण झुडूप उलटं, मुळं आकाशाकडे करून ठेवा. जमिनीवर टेकलेल्या फांदीलाही मुळं फुटतात, म्हणून उलटं ठेवणं महत्त्वाचं. दोन माणसांची जोडी हे काम पटापट शिकते. माती ओली असते तेव्हा, काळी फळं धरायच्या आत करा. खड्डा पडेल तिथं लगेच गवताचं बी टाका, पाय देऊन दाबा.

त्यानंतरचं काम लोक विसरतात. बुलबुल, साळुंक्या घाणेरीची फळं खाऊन झाडावर बसतात आणि बी खाली टाकतात. पुढची तीन वर्षं प्रत्येक मोहाच्या, पळसाच्या, बोरीच्या खाली पावसाळ्यात जाऊन रोपं उपटायची. चार इंची रोप दोन बोटांनी निघतं. तेच तीन वर्षांनी सबल मागतं.

वेडी बाभूळ आखराजवळ आहे, यात आश्चर्य नाही. तिच्या गोड शेंगा बकऱ्या-ढोरं आवडीनं खातात आणि बी शेणातून अख्खं बाहेर पडतं. ती सगळी तोडायची घाई करू नका, गावाला जळण लागतं आणि तोडली तरी बुडातून फुटणारच. तोडायचीच असेल तर जमिनीखाली हातभर खणून बुडखा काढावा लागतो. तोवर शेंगांचा काळ आला की ढोरं राखलेल्या दहा-बारा एकरांत अजिबात नेऊ नका. शेंगा वेचून वाळवून भरडल्या तर बीही मरतं आणि खुराकही होतो. मात्र एकूण खुराकाच्या पाचव्या भागाहून जास्त देऊ नका. नाल्यातल्या बेशरमीच्या झुडपांकडे बकऱ्यांना फिरकू देऊ नका. एकदा चटक लागलेली बकरी तिलाच शोधत जाते आणि लटपटायला लागते.

आता गवत परत आणण्याचं. राखलेल्या भागात आखाडीपासून दिवाळीपर्यंत चराई बंद. गवताला बी धरू द्यायचं. दिवाळीनंतर कापून न्यायचं, ज्यानं त्यानं आपापला भारा. गाव याला तयार होत नाही, कारण पावसाळ्यात ढोरं कुठं न्यायची हा खरा प्रश्न आहे, आणि ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही त्या गवळ्या-गोवाऱ्यांच्या घरावर तो आधी येतो. म्हणूनच साठपैकी फक्त दहा-बारा एकर बंद करायची आणि कोणती बंद करायची ते ज्यांची ढोरं जास्त त्यांना बसवून ठरवायचं. ग्रामसभेत हात वर करणारे वेगळे आणि सकाळी ढोरं सोडणारे वेगळे असतात. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उघडं पडलेलं जंगल पुन्हा उभं केलं, ते गावानं स्वतः नियम केले आणि पाळले म्हणून. एकदा तिथं जाऊन या, गायक्याला बरोबर न्या.

बी विकत घेण्यापेक्षा तुमच्याच शिवारातलं गोळा करा. पवन्या, शेडा, मारवेलाचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकतं, हातानं ओरबाडून काढता येतं. ताजं बी नीट उगवत नाही, काही महिने जुनं झालेलं चांगलं उगवतं, म्हणून पोत्यात कोरड्या जागी ठेवून पुढच्या मृगात वापरायचं. बी हलकं असतं, वाऱ्यानं उडतं; शेण-मातीच्या गोळ्यांत घालून टाका, आणि खोल पुरू नका, बोटाच्या पेरभर सुद्धा नाही. जिथं लवकर पकड हवी तिथं ठोंब लावा: जुन्या बेटातून काढलेले ठोंब जुलैत, दीड-दीड फुटांवर.

तुमचा निधी जेसीबीवर जाऊ नये, एवढी विनंती मी सरपंचांना करतो. त्यातून एक राखणदार ठेवा, शक्यतो गायक्याच्याच घरातला. कुदळी, सबली, हातमोजे घ्या. उपटणीची मजुरी द्या. कुरण विकास रोजगार हमीच्या कामांत बसत असेल, तर तो पुढच्या आराखड्यात ग्रामसभेतूनच टाकून घ्या. आणि बी गोळा करायला किलोवर मजुरी ठरवून दिवाळीच्या आधी किती बाया येतील, हे आत्ता विचारून ठेवा. कापूस वेचणी त्याच वेळी सुरू होते, ऐनवेळी कोणी मिळत नाही.